इसोबे बाईंची लाल शाई

चितोसे : आजी, पुस्तकासाठी संपादन करताना तुमच्या डायरीतलं एक अक्षरसुद्धा मी बदललेलं नाही. फक्त लाल शाईतलं काढलंय.

सुमिए आजी : फक्त म्हणे. आधी लोणचं घे. आणि मला सांग, तेरा वर्षांची पोर मी, लढाईच्या दिवसांत ही डायरी लिहीत होते ती कोणासाठी?

चितोसे : स्वतःसाठी. डायरी माणूस स्वतःसाठीच लिहितो ना?

सुमिए आजी : आम्ही बाईंसाठी लिहायचो. शनिवारी वह्या शाळेत द्यायच्या, सोमवारी लाल शेरे मारून परत यायच्या. शेरा वाचायचा आणि पुढचा आठवडा तसा लिहायचा. तू बाईंचं बोलणंच काढून टाकलंस. आता मी भिंतीशी बोलत बसल्यासारखी दिसते.

चितोसे : मान्य. पण आजच्या वाचकाला ना आजी, एका मुलीचा आवाज हवा असतो. मध्येच 'रडणे शोभत नाही' असा शेरा आला की तो अडखळतो. आणि तसंही, बाईंच्या घरून हरकत आहे. तेच सांगायला बाईंचे चिरंजीव, इसोबेसाहेब, आलेत.

कुनिहिको : हरकत म्हणजे, सुमिए मावशी, माझं म्हणणं एवढंच आहे की...

सुमिए आजी : तुला मी कडेवर घेऊन फिरवलंय, कुनिहिको. हरकत घे, पण चहा थंड करू नकोस.

कुनिहिको : घेतो. शेरे आईचे आहेत, तिच्या हातचे. आई नाही, तेव्हा ते छापायचे की नाही हे मी ठरवायचं.

चितोसे : कायद्याने तसंच आहे, आजी. वही तुमची, पण शेरे त्यांचे.

सुमिए आजी : म्हणजे माझ्या घरात तुझा भाडेकरू. बरं. काय खुपलं तुला?

कुनिहिको : सगळंच. 'भूक लागली ही लिहिण्याची गोष्ट नाही.' 'शत्रूबद्दल लिहिताना हात का आखडतो?' हे माझ्या आईने लहान मुलींना लिहावं? आमच्या मात्सुमोतो शहरात आजही तिचं नाव काढलं की लोक चांगलंच बोलतात. मी चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं, निम्मी गिऱ्हाइकं तिच्या हाताखालून गेलेली. आणि जानेवारीतलं ते पान. ते वाचल्यापासून माझा घास गोड लागत नाही.

सुमिए आजी : मग वाच की मोठ्याने.

कुनिहिको : मला नाही जमायचं. चितोसेबाई, तुम्हीच वाचा.

चितोसे : 'आज बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझ्या वहीतले गेल्या आठवड्यातले एक पान फाडून शेगडीत टाकले. पानावर शाई सांडली होती. मी गबाळी आहे. नवे पान लिहून दिले. यापुढे काळजी घेईन.' आणि खाली लाल शाईत, 'कागद देशाचा आहे. त्यावर डाग पाडू नये.'

कुनिहिको : एका डागासाठी, मावशी. पोरीला सगळ्यांदेखत उभं करून. लोक वाचतील तेव्हा काय म्हणतील?

सुमिए आजी : काय म्हणणार, खाष्ट बाई म्हणतील. मीही म्हणत होते. पण डाग नव्हता रे.

कुनिहिको : नव्हता म्हणजे?

सुमिए आजी : पान स्वच्छ होतं. माझ्या हातून शाई कधी सांडली नाही, आजही सांडत नाही. दादाला फौजेचं बोलावणं आलं होतं. आई त्याचं सामान बांधताना म्हणाली, 'लढाई गेली उडत, तू तेवढा परत ये.' मला ते इतकं आवडलं की जसंच्या तसं वहीत उतरवलं. 'आई म्हणाली' म्हणून.

चितोसे : पण वही बाईच वाचणार होत्या ना?

सुमिए आजी : बाईंनंतर मुख्याध्यापक. त्यांच्या खोलीत फौजेतला एक अधिकारी येऊन बसायचा, तोही चाळायचा. आमच्या गल्लीतला टोफूवाला एवढंच बोलला होता की हे काही आपण जिंकत नाही. त्याला पोलीस घेऊन गेले. परत आला तेव्हा ओळखू येत नव्हता.

कुनिहिको : आई हे कधी बोलली नाही. एका शब्दाने नाही.

सुमिए आजी : माझ्याशी तरी कुठे बोलल्या? मी रडत घरी गेले. म्हटलं, बाई खोटारड्या आहेत, डाग नसताना पान फाडलं. आईने विचारलं, पानावर काय होतं? मी सांगितलं, तशी तिने उठून आधी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी डबाभर लोणचं घेऊन बाईंकडे गेली. मी सोबत होते, कान टवकारून. दोघी थंडीबद्दल बोलल्या, चहा प्यायल्या. बस्स.

कुनिहिको : लोणचं? हेच, हिरव्या पाल्याचं?

सुमिए आजी : हेच. आई गेल्यावर मी पाठवायला लागले.

कुनिहिको : दर हिवाळ्यात डबा यायचा. मी लहानपणी विचारलं होतं, ही माणसं आपल्याला का देतात? आई म्हणाली, आपल्याला आवडतं म्हणून. तिला तर खारट चालतच नव्हतं. सगळं मीच खाल्लं.

चितोसे : आणि तुमचे दादा, आजी?

सुमिए आजी : नाही आला.

चितोसे : आजी, ही हकीकत आपण प्रस्तावनेत घालू. पुस्तकाचं सगळं रूपच बदलेल.

कुनिहिको : घालाच. आणि तो एक शेरा ठेवा, डागाचा. बाकीचे काढून टाका. मी आत्ता सही करतो.

सुमिए आजी : नाही.

कुनिहिको : आता का नाही? आई चांगली होती हेच तर तुम्ही सांगताय.

सुमिए आजी : मग बाकीचे शेरे कोण शेजारीण लिहून गेली? बाईंना ते सगळं खरं वाटायचं, कुनिहिको. मलाही वाटायचं. 'शत्रूची विमाने पडली, आम्ही टाळ्या वाजवल्या' हे मी लिहिलंय. त्याखाली बाईंनी शाबासकीचं लाल फूल काढलंय. त्या फुलासाठी मी सोमवारची वाट बघायचे. आज मला त्याची लाज वाटते, तरी ते राहणार. इतकं सगळं खरं मानणारी बाई, तिने माझ्या आईसाठी भर वर्गात एक खोटं केलं. बाकीचं पुसलंस तर ते तिला किती जड गेलं असेल हे कोणाला कळणार?

कुनिहिको : आणि मी नाहीच म्हटलं तर?

सुमिए आजी : तर पुस्तक नाही. त्र्याण्णव झाली मला, पुन्हा कोणी छापायला येणार नाही. ते मला लागेल, खोटं कशाला बोलू? पण तुला दोष देणार नाही. जाताना डबा घेऊन जा म्हणजे झालं.

(कुनिहिको वही जवळ ओढून जानेवारीतलं पान उलटतो आणि कोऱ्या बाजूवरून हळूहळू बोट फिरवतो.)

चितोसे : इसोबेसाहेब, एक मधला मार्ग सुचवू का? शेरे सगळे ठेवू, पण फिकट छापू. राखाडी रंगात, बारीक अक्षरात. ज्याला वाचायचे तो वाचेल, बाकीच्यांची नजर पुढे जाईल. बाईंचं नावही फार डोळ्यांवर येणार नाही.

सुमिए आजी : त्याला बघू दे गं जरा. तू लोणचं घे.

कुनिहिको : मागून हात फिरवला तरी आईचं अक्षर बोटाला लागतं. आमच्या किराणाच्या यादीचंही असंच व्हायचं. खालच्या दोन कागदांवर उमटायची.

चितोसे : मग राखाडी करू या ना?

कुनिहिको : नको. लालच छापा. आई दाबून लिहायची.