आराम पडला

मंडळी, मांडी घालून नीट बसलात? मग एक सांगा. भुकेल्याला भाकरी द्यावी, हे तुम्हालाही ठाऊक, मलाही. पण ज्याला काम हवंय, त्याला आपण नुसती भाकरीच देत राहिलो, तर ते पुण्य की पाप? माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका.

एका गावात तांबट आळी होती. दिवसभर ठक्-ठक्, ठक्-ठक्! तिथं अण्णा वडक्यांचा कारखाना आणि मल्हारी नावाचा कारागीर. त्याचं काम मठारायचं. म्हणजे तांब्याच्या घागरीवर हातोडीचे ठोके शेजारी-शेजारी असे द्यायचे, की घागर चमकायला लागते. मी दिले तर चाळण होईल!

तर हा मल्हारी आजारी पडला. मनाचा आजार हो. कानात कुणीतरी बोलतंय म्हणायचा, झोप उडाली, घर सोडून भटकायला लागला. बायको येसू धीराची. अंगारे-धुपारे करून झाले, मग उशिरा का होईना, तिनं त्याला इस्पितळात नेलं. औषध लागू पडलं. डॉक्टरांनी निरोप धाडला — यांना आराम पडलाय, कामावर घ्या.

आता आपल्या मराठीची गंमत बघा! आराम पडला म्हणजे बरं वाटलं. अण्णांनी काय ऐकलं? डॉक्टरांनी आराम सांगितलाय! चुकून ऐकलं, की ऐकायचं होतं तेच ऐकलं? पोटात भीती होती ना — याच्या हातात हातोडी कशी द्यायची?

अण्णा माणूस चांगला, तीच तर पंचाईत. दारापाशी गादी घातली. पहिला चहा मल्हारीला, शिधा घरपोच. हातोडी तेवढी उंच फळीवर ठेवली. मल्हारी रोज म्हणायचा, एक घागर द्या. अण्णा म्हणायचे, आराम कर. बसल्या-बसल्या त्याची बोटं मांडीवर ठोके द्यायची. बाकीचे हसायचे, म्हणायचे, डोक्यातलं अजून गेलं नाही. अहो, ते डोक्यातलं नव्हतं, हातातलं होतं!

शेवटी येसू आली. म्हणाली, "अण्णा, त्यांना आराम पडला म्हणून धाडलं. आराम करायला नाही धाडलं. घरी काय खाट नव्हती?"

अण्णांनी मान खाली घातली. म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर! आपली सगळी चांगली कामं दिवाळीनंतरच! मल्हारी त्याआधीच यायचा थांबला. बरं होऊन करू काय, म्हणाला, आणि औषध सोडलं. पुन्हा इस्पितळ.

मग अण्णांना अन्न गोड लागेना. त्यांनी हातोडी उतरवली, धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली आणि भेटायला गेले. म्हणाले, "चल मल्हारी, घागरी खोळंबल्यात."

मल्हारीनं हातोडीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. हळूच म्हणाला, "नको अण्णा. आता आरामच करतो."

मंडळी, अण्णा ती हातोडी घेऊन परत कसे आले असतील, मला सांगवत नाही.

आता गजर करू. टाळ वाटा. त्या खांबाला टेकून जो बसलाय ना, ज्याला आपण दर वेळी म्हणतो, तू बस रे बाबा, तुला नाही जमायचं — आज पहिला टाळ त्याच्या हातात द्या. ठेका चुकेल? चुकू द्या. आपण थांबू त्याच्यासाठी.