खिडकीबाहेरचं कलम

आमच्या सायलीची गंमत सांगतो. नातीचा दुसऱ्या दिवशी दहावीचा इंग्रजीचा पेपर, आणि पर्सोनिफिकेशन काही तिच्या डोक्यात बसेना. रडकुंडीला आली होती.

"म्हणजे काय गो?" मी विचारलं.

"जे माणूस नाही त्याला माणूस समजायचं, आबा. खोटं खोटं. उदाहरणच सुचत नाही."

"परसातलं हापूसचं कलम रुसलं होतं, ते लिही. मी कुऱ्हाड उगारली, तुझी आजी मध्ये पडली, 'पुढच्या वर्षी देईल हो' म्हणाली. यंदा बघ कसं लगडलंय."

"हेच ते!" सायली टुणकन उठली. "झाड कुठे रुसतं, आबा? त्याला काय कळतंय!"

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

खो खो हसली. पण आधी खिडकी लावलीन, मगच पुढचं वाचायला बसली.