बाबांनी जरा गप्प बसायचं

...आणि वर मलाच म्हणतात, "बाबा, तुम्ही जरा गप्प बसा." मला! तुम्हाला सांगतो, अहो मी न्हावी आहे न्हावी, तोंड बंद पडलं की माझी कात्रीही बंद पडते, वडिलांनी दोन्ही एकदमच शिकवलंय, आणि ह्या स्पीच थेरपीवाल्या बाई चटईवर मांडी घालून सांगतात, पोरगा अडीच वर्षांचा झाला, कान उत्तम, समज उत्तम, शब्द मात्र एक नाही. दोष कुणाचाच नाही म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्याकडे. मी कुठे काय बोललो?

"छोटंसं वाक्य बोला, मग थांबा, मनात सावकाश दहा मोजा. त्याची पाळी त्याला घेऊ द्या."

घरी आलो, चिरंजीवांसमोर बसलो, म्हटलं, "मी कोण?" आणि थांबलो. एक... दोन... अहो, दहा आकडे इतके लांब असतात? तीन... पोराने ओठ मिटले, 'ब'च्या आधी मिटतात ना, अगदी तस्से, चार... आणि मी म्हणालो, "बाबा! बाबा म्हणतोयस ना? बोल राजा, बा-बा, शाब्बास, अजून एकदा!" पोराने ओठ उघडले, सुस्कारा टाकला आणि उठून गेला. बायको आतून म्हणते, "झालं? त्याच्या वाट्याचंही बोलून टाकलंत?" मी कुठे काय बोललो?

मग दुकानात सराव केला. एका गिऱ्हाइकाचे केस कापताना अक्षर काढलं नाही, तर बिचारा घामाघूम, "काही गाठबीठ लागली का हो डोक्यात? खरं काय ते सांगून टाका."

हसा तुम्ही. शेजारचं पोर याच्याहून लहान, परवा मला म्हणालं, "काका, दार लावा." लावलं दार, आणि दारामागे उभा राहून रडलो. मला भाषणं नकोत हो त्याची. एकदा 'बाबा' म्हणू दे, बस.

आणि काल... काल दूध आणायला गेलो, परत येतो तर बायको दारात, डोळे भरलेले. "बोलला! तुम्ही जिना उतरलात, हा दाराशी गेला आणि म्हणाला, बाबा!" मी चपला घालूनच आत धावलो, त्याच्यापुढे बसलो, तोंडाला रुमाल बांधला, अंधार पडेपर्यंत बसलो. तो बघतो, हसतो, रुमाल ओढतो, शब्द नाही. आता तरी मी कुठे काय बोललो?

बाईंना फोन केला, तर त्या खूश. "अहो, समोर बसलेल्या माणसाला कोण हाक मारतं? दिसेनासे झालात, म्हणून मारली."

म्हणून आज सुट्टी असूनही दुकान उघडलंय. घरी सकाळपासून बाबा-बाबा चाललंय म्हणे, थांबतच नाही... मान सरळ ठेवा, सावकाश कापतो, मला घाई नाही. तो बोलतोय तोवर मला काही घरी जाता येत नाही.