मधे काही नको

कमरुद्दीन : चार इंच? साहेब, चार इंचात चायची बशी पन मावत नाय. आनि टांगनार कुठं?

सुरेश : दोनशे मीटरवर.

कमरुद्दीन : या अल्ला! दोनशे मीटरवर माझा बाप उभा केलात तरी मला दिसायचा नाय.

सुरेश : रायफलवर दुर्बीण असते हो. पॉइंट टू टू, एवढीशी गोळी. क्लबमधला इन्स्ट्रक्टर म्हणाला, दोनशेला चार इंचाची स्टील प्लेट लावा, चांगली टेस्ट होते.

कमरुद्दीन : टेस्ट कोनाची?

सुरेश : ईश्वरीची. मुलगी माझी. पुण्याला आर्किटेक्चर करते. पुढच्या गुरुवारी येतेय, दोन वर्षांनी.

कमरुद्दीन : पोरगी दोन वर्षांनी येतेय, आनि बाप तिची टेस्ट घेनार. वा साहेब, वा!

सुरेश : तसं नाही. तिनंच फोनवर सांगितलं, एकदा रेंजवर जाऊ या. फक्त म्हणाली, 'नो पेपर, बाबा. प्लीज.' म्हणून तर स्टील.

कमरुद्दीन : पेपरानं काय बिघडवलं तिचं?

सुरेश : पेपरानं नाही. मी. शाळेत असताना फार छान मारायची. कागदाच्या टार्गेटवर भोक पडतं, मधे दहा, बाहेर नऊ, आठ, सात. मी एकेक टार्गेट जपून ठेवायचो. तारीख घालून, फाइल करून. जी गोळी बाहेर गेली तिच्याभोवती लाल गोल.

कमरुद्दीन : लाल गोल? म्हंजे आमच्या वेल्डिंगवर मारता तसला?

सुरेश : तसलाच. हाच मार्कर.

कमरुद्दीन : तोबा. नऊ वर्षं मी ते गोल बगतोय. जिथं गोल, तिथं जॉइंट खरवडा, परत वेल्ड मारा. मी म्हनायचो, साहेब कंपनीचा पगार खातो, क्वालिटीवाला मानूस, बोलनारच. पन घरात पन?

सुरेश : घरात पण. सोळाची होती. मोठी मॅच होती शारजाला, दुसरी आली. येताना गाडीत दुबईला, करामात घरी पोचेपर्यंत मी एकाच गोळीबद्दल बोलत होतो. एक आठ लागला होता तिचा. श्वास कसा चुकला, खांदा कसा हलला. घरी आल्यावर तिनं रायफलचं जाकीट कपाटावर टाकलं. ते परत काढलं नाही. दुसरी आली होती हो पोर. एकदासुद्धा मी 'छान' म्हटलं नाही.

कमरुद्दीन : हं. मी काय तुमाला बोलनार? माझी पोरगी बिलकीस खेडला असते. शुक्रवारी फोन लावतो, पयला सवाल, मार्क किती पडले? ती गप्प. मी ओरडतो. मग फोनचं कार्ड खलास.

सुरेश : मग स्टीलचं बोला. स्टीलला दहा नाही, आठ नाही. लागली तर वाजते, नाही तर नाही. बस.

कमरुद्दीन : तर मग चार इंच कशाला? पोरीला आवाज ऐकवायचाय की रडवायचीय?

सुरेश : फार मोठी केली तर म्हणेल, बाबांना वाटतं मला जमणार नाही.

कमरुद्दीन : बगा, हा माझा तवा. चपाती याच्यावरच करतो. दहा इंच. याच्याभोवती खडू फिरवतो नि कापतो. दोनशे मीटरवर तवा म्हंजे काय हत्ती नव्हं.

सुरेश : तवा... बरं. तव्याएवढी.

कमरुद्दीन : आनि ही साधी पट्टी नको. साधं लोखंड गोळीनं खड्डे खातं, मग गोळीचं शिसं त्या खड्ड्यातून उलटं उडतं. डंपरच्या तळाला घालतात त्या प्लेटीचा तुकडा पडलाय मागं. कडक माल. दगड पडून पडून डंपर मोडतो, ती नाय मोडत.

सुरेश : जाडी?

कमरुद्दीन : सहा एमेम. छोट्या गोळीला पुश्कळ. जास्त जाड केली तर आवाज मुका होतो. वरती एकच भोक, रबरी पट्ट्यावर टांगतो. पुढं जरा झुकलेली ठेवा, म्हंजे शिसं जमिनीवर पडेल.

सुरेश : हुक वेल्ड करू नका हं. ताव लागला की कडकपणा जातो तिथला.

कमरुद्दीन : साहेब! मला शिकवता? झालात सुरू?

सुरेश : सॉरी.

कमरुद्दीन : पांढरा रंग मारून देतो, स्प्रेचा डबा पन ठेवा. गोळी लागली की काळा डाग दिसतो. नेम धरायला मधे काय काढू? टिपका? गोल?

सुरेश : नाही! मधे काही नको. कमरुद्दीनभाई, एक टिपकासुद्धा नको. साधी पांढरी.

कमरुद्दीन : यल्ला. बुधवारी घेऊन जा. इन्शाल्ला पोरगी खूश होईल.

(तीन आठवड्यांनी, त्याच वर्कशॉपमध्ये.)

कमरुद्दीन : प्लेट परत आनलीत? वाजली नाय काय?

सुरेश : वाजली. गोळी सुटली, मग क्षणभर सगळं गप्प, आणि मग टण्ण! ईश्वरी एवढी हसली की शेजारचा अरबी माणूसपण हसायला लागला. 'हबीबी, अगेन!' म्हणाला. लहान असताना हसायची तशी हसली. अकरा मारल्या, नऊ वाजल्या... बघा, मोजतोच आहे मी.

कमरुद्दीन : तिला बोललात काय, नऊ?

सुरेश : नाही. ओठ मिटून बसलो होतो. दोन कुठं गेल्या, विचारलं नाही. अर्धा तास, कमरुद्दीनभाई. अर्धा तास मी चांगला बाप होतो.

कमरुद्दीन : मग?

सुरेश : मधे रेंज थांबवतात. सगळ्यांनी रायफली रिकाम्या करून ठेवायच्या, मग पुढं जाता येतं. मी डबा घेऊन गेलो. डागांवर पांढरा मारला, वाळू दिला. खिशात मार्कर होता.

कमरुद्दीन : साहेब, नाय.

सुरेश : मधोमध गोल काढला.

कमरुद्दीन : मी विचारलं होतं तुमाला! तुमीच नको बोललात!

सुरेश : वाटलं, नेम धरायला बरं पडेल तिला. खरंच सांगतो, तेवढंच होतं मनात. नाही... काय होतं कोण जाणे. हात गेला. दिवसाला वीस-पंचवीस गोल काढतो हा हात. परत आलो. तिनं दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, नेम धरतेय. मग बोल्ट उघडला, गोळी बाहेर काढली, रायफल टेबलावर ठेवली. 'आय अ‍ॅम डन, बाबा.'

कमरुद्दीन : चिडली?

सुरेश : चिडली असती तर बरं झालं असतं हो.

कमरुद्दीन : मग तुमी बोलायचं ना, बाय माझी, चुकलो.

सुरेश : गाडीत बोलणार होतो. अख्ख्या रस्त्यात शब्द जुळवत होतो. करामात आलो तर पार्किंग मिळेना. दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला ती म्हणाली, मी इथंच उतरते. उतरून गेली वर. नंतरचे सहा दिवस आईबरोबर होती. मीना बाजार, देऊळ, अब्राच्या होडीतून खाडीपलीकडे. एअरपोर्टवर वाकून नमस्कार केला. 'टेक केअर' म्हणाली. ऑफिसात म्हणतात तसं.

कमरुद्दीन : फोन येतो?

सुरेश : तिच्या आईला, शोभनाला येतो. तिलाच विचारते, बाबा बरे आहेत ना. मी तिथंच सोफ्यावर असतो.

कमरुद्दीन : घ्या ना मग हातातनं फोन.

सुरेश : घेऊन काय बोलू? मला चुका सांगण्याशिवाय तिच्याशी बोलता कुठं येतं?

कमरुद्दीन : ह्या शुक्रवारी मी बिलकीसला मार्क नाय विचारले. तुमचं ऐकून सवाल गिळला. कार्ड संपेस्तोवर बोलत होती.

सुरेश : काय बोलली?

कमरुद्दीन : काय नाय. कोंबडी कुठं कुठं लपून अंडी घालते, ते. पंधरा मिन्टं कोंबडी.

सुरेश : छान केलंत.

कमरुद्दीन : आता ह्या प्लेटीचं काय करू? भंगारात टाकू?

सुरेश : नको, नको. तो गोल तेवढा घासून काढून द्या. घरी थिनरनं पुसला, तर लाल पसरून सगळी गुलाबी झाली.

कमरुद्दीन : पोरगी येनार काय परत?

सुरेश : बोलली नाही काही.

कमरुद्दीन : तर मग आजच कशाला पायजे?

सुरेश : करून द्या हो. घरात ठेववत नाही तशी.

कमरुद्दीन : आना इकडं. नऊ वर्षं तुमचे गोल काढतोय, हा पन काढतो. मागं सरा, ग्राइंडरच्या ठिनग्या उडतील... खलास. बगा, उजेडात धरा. एकदम साफ. कुठं होता ते आता कुनाला समजनार नाय.

सुरेश : मला समजतं, कमरुद्दीनभाई.