आठ चिरा आन डोंगरावरचं फाटक

न्हाय न्हाय, त्या डाक्टरचं मला काय बी सांगू नगा. ‘लोवेल, तुझं ऑपरेशन झकास झालंय’ म्हनं. आरं, झकास झालंय तर माझी गाय मला का वळखू यीना? तर हसतो. हसतो आन म्हनतो, ‘पन चष्मा गेला ना?’

ऐका मंडळी. तुमी समदी शाळंच्या हॉलात जमलाय, माझा शेजारी वेंडेलबी त्या कोपऱ्यात बसलाय, आन मर्ल अध्यक्ष हाय म्हनून टेबलावर हातोडी आपटतोय, ‘लोवेल, आटप, मतदान घ्यायचंय.’ घ्या की. औंदा डोंगरावरच्या फाटकावर कोन उभा ऱ्हानार, त्येच ठरवायचंय न्हवं? माझा बा उभा ऱ्हायचा, त्येच्यामागं मी. आता मला काढायचं म्हनता… काढा, पन आधी ऐका तरी. गोळी घालायच्या आधी कुत्र्यालाबी भुंकू देत्यात.

तरना हुतो तवा मला लांबचं दिसायचं न्हाय. चष्मा हुता. आन आपल्या धंद्यात चष्मा म्हंजे काय, तुमास्नी काय सांगायचं! वासरं डागायला घेतली की काचंवर धूर, थंडीचं गोठ्यातनं घरात शिरलं की काचंवर वाफ, मग सोताच्याच दारात चाचपडत उभा. एकदा घोड्यानं फेकलं तर मी हिकडं, चष्मा शेनात. मी शेनात हात घालून चष्मा हुडकतोय, आन डार्लीन कुंपनाला टेकून हसतीया. म्हनती, ‘जरा डावीकडं. आनखी डावीकडं. व्हय, त्ये बी शेनच हाय.’ बायको हाय माझी! आन नेमका त्याच दिसांत ह्या डाक्टरच्या आधीचा त्यो थोरला डाक्टर रेडिओवर बोलायचा, हवामानाच्या बातम्यांच्या आधी, गोड आवाजात, ‘चष्म्याला कायमचा रामराम करा.’

गेलो की शहरात. लेझरबिझर न्हवतं तवा. सुरी हुती, हिऱ्याची. मधला ठिपका तेवढा सोडला आन भवतीनं आठ चिरा पाडल्या डोळ्याला, चेरीच्या केकचे तुकडे करावेत तशा. दुसऱ्या दिशी पट्टी काढली आन खिडकीतनं पल्याडच्या पान्याच्या टाकीवरचं नाव वाचलं. रडलो, खोटं कशाला बोलू? येताना पुलावर गाडी थांबवली आन चष्मा दिला ओढ्यात फेकून.

बरं चाललं हुतं हो… काही वरसं. मग कळलं, त्या चिरा पुऱ्या सांधतच न्हाईत. आताची लेझर करून घेतलेली पोरं म्हनत्यात, आमास्नी तसं होत न्हाय. होत नसंल, देव त्यांचं भलं करो. माझा डोळा मातुर दिसभर नंबर बदलतो. सकाळी उठलो की जवळचं गायब, वाडग्यात माझे ओट हायत का मांजराचं खानं, त्ये चवीवरनं कळतं. दुपारी घार. घार म्हंजे घार, दोन टेकड्यांपल्याडची हरनं मोजीन. आन सांज झाली की लांबचं जातं, समोरनं गाडी आली की तिच्या दिव्याला काटं फुटत्यात, साळिंदर अंगावर चालून आल्यागत. तक्रार करायला गेलो तर थोरला डाक्टर म्हनला, ‘चष्मा गेला ना?’ गेला, बाबा. एक गेला आन तीन आले. डार्लीननं पट्ट्या चिकटवल्या त्येस्नी. ‘ह्यो लाल न्याहारीचा. ह्यो निळा सांजचा.’ म्हनलं, आन ह्यो बिनपट्टीचा? म्हनती, ‘ह्यो त्ये दोन हुडकायचा.’

पन त्ये समदं खाली, घरी. खाली मी निभावलं. डोंगरावर काय झालं त्ये ऐका.

तुमास्नी ठावं हाय, उन्हाळाभर साऱ्यांची गुरं वर एकत्र चरत्यात. थंडी लागली की लाकडी वाड्यात कोंडायची आन एकेक गाय फाटकातनं काढायची. फाटकावरचा गडी कातड्यावर भाजलेला मालकाचा डाग बघतो आन वराडतो, कुनाची त्ये. त्येचा शब्द म्हंजे शब्द, मागनं कुनी तपासत न्हाय. माझा डाग कंचा? अर्धा चांद आन खाली आडवी रेघ. वेंडेलचा? नुसता अर्धा चांद. आमच्या आजोबांनी कुठल्या मुहूर्तावर घेतले देव जाने, बिनरेघंचा एक, रेघंचा एक, शेजारीशेजारी!

तर ग्येल्या साली वर एक रात काढली, पहाटं उठलो, फाटकावर गेलो. पहिली गाय आली. चांद… आन खाली पुसट रेघ. म्हनलं, ‘माझी!’ दुसरी आली. चांद, रेघ. ‘माझी!’ तिसरी, चौथी, समदीच्या समदी माझी. मनात म्हनलं, आयला, औंदा बरकत हाय. काय उमजंना मला, हो! एकाचे दोन दिसत हुते. वेंडेलच्या चांदाची सावली त्येच्याच खाली पडायची आन तिची व्हायची माझी रेघ.

वेंडेल आला. त्यो चष्मा, बाटलीच्या बुडावानी जाड, दोरीनं मानंला बांधलेला, त्यो काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आन हळूच, कुनाला ऐकू जाऊ नये असा म्हनला, ‘गड्या, ती म्हातारी पर्ल हाय. तिच्या मानंवर मी सोता गुरांच्या डाक्टरला टाकं घालाया लावलेत. ती तुझी कशी रं?’

मला वाटलं जिमीन फाटावी.

त्येनं दुसरं काय बी म्हनलं न्हाय. पन चाऱ्याच्या दुकानात म्हनत्यात की लोक! मी आत शिरलो की गप हुत्यात. आपल्या मुलुखात दुसऱ्याची गाय हाकलनाऱ्याला काय म्हनत्यात? तुमी तोंडानं म्हना, मी म्हननार न्हाय. माझा बा त्या फाटकावर उभा हुता तवा त्येचा सख्खा भाऊबी म्हनायचा न्हाय की पुन्यांदा बघ.

म्हनून गेलो परवा शहरात. थोरला डाक्टर घरी बसलाय, आता त्येच्या जागी धाकटा हाय. भर दुपारी, अंधाऱ्या खोलीत, अक्षरांचा तक्ता लावला. शेवटची ओळ वाचली मी. दुपारीच वाचनार! त्यो खूश. म्हनलं, डाक्टर, माझी गाय काय तुमच्या खोलीत न्हाय, ती डोंगरावर हाय आन पहाटं हाय. मग कुठं त्येनं सांगितलं. ‘चिप्सची पिशवी गाडीत ठिवून वर नेलीस तर फुगती का न्हाय? तसंच काय तरी समज. वर हवा पातळ, चिरांजवळ डोळा फुगतो, मधी चपटा पडतो. खाली आलास की बरा.’ म्हनलं, मग वरचा चष्मा द्या. म्हनतो, ‘दीन की, पन तासातासाला नंबर बदलंल, त्यो न्याहारीपुरता चालंल.’ आन दाराशी सोडायला आला, खांद्यावर हात ठिवला… ‘पन लोवेल, चष्मा गेला ना?’

मी हात उगारला न्हाय, ह्ये डार्लीनला इचारा. तिनं धरला हुता.

तर मंडळी, फाटक ग्येल्यावर मी वर करू काय? काफी उकळू? पोरासोरांचे तंबू ठोकू? तिकडं उभं ऱ्हायलो की मी कोन हाय त्ये मला ठावं असतं. हितं खाली मी तीन चष्म्यांचा म्हातारा. आंधळा म्हना… न्हाय, आंधळाबी म्हनू नगा. पन चोर म्हनू नगा. त्येवढं एक म्हनू नगा.

मर्ल, ती हातोडी ठेव खाली. उठतोच मी, म्या सोता सांगतो. फाटकावर वेंडेल. त्येच्या डोळ्याला कुनी सुरी लावलेली न्हाय, आन चष्मा सुटला तरी दोरीला लोंबतो. ह्यो बघा, पहिला हात माझा.

आता तुमी बी हात वर करा. सरळ वर, आन खाली घिऊ नगा. सांज झालीया, पहिल्या रांगंच्या पल्याड मला समदं धुकं हाय. वेंडेल, ऊठ, तू मोज. किती झाले त्ये मला सांग.