आईने धरलेली जागा

मनमाडला लागलेली सवय जपानात कशी महागात पडते, ते मला विचारा. नाशिकहून आई माझ्याकडे आली होती. आमच्या शहरात भुयारी रेल्वेचा मार्ग एकच, पण त्यातून तीन-चार कंपन्यांच्या गाड्या धावतात आणि पुढे वेगवेगळ्या फुटतात. आईचं कसं, आधी आत घुसून जागा धरायची, मग गाडी कुठली ते विचारायचं.

"आई, ही आपली नाही गं!" मी फलाटावरून ओरडलो, तोवर दार बंद.

तिच्याकडे ना फोन, ना भाषा. मी स्टेशनचं ऑफिस गाठलं. स्टेशनवाल्यांनी पुढे फोन लावले. त्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनात मी धावत पोचलो, तर रिकाम्या डब्यात रेल्वेचे दोन टोपीवाले हात जोडून विनवतायत आणि ही उतरायला तयार नाही. शेजारच्या सीटवर पिशवी.

मला बघून म्हणाली, "माणसं उभ्याने आली, पण तुझी जागा सोडली नाही. बस!"