रॉयकाकाचं झाड

मी भंडाऱ्याकडची. आता तुम्ही म्हणाल, राहते ओहायोत आणि भंडारा काहून सांगून राहिली, पण तिथूनच सांगावं लागतं बाई, पुढचं सगळं तिथूनच आलं. आमच्याकडे गावागणिक तळं, आम्ही ढिवर, म्हणजे मासोळ्या मारणारे, माझे वडीलही तेच करायचे आणि सासरेही तेच, सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, ते अजून या वयात डोंगा घेऊन तळ्यात जातात. माझा नवरा देवानंद, सगळे त्याला देवा म्हणत, मामाजींचा एकुलता एक, नागपूरला इंजिनिअर झाला, कंप्युटरमध्ये लागला आणि कंपनीनं त्याला इकडे, ओहायोतल्या डब्लिनला पाठवला. गावात लोक म्हणाले, चला, ढिवराचा पोट्टा पाण्यातून सुटला. काय सांगू तुम्हाला, असं कोणाबद्दल बोलू नये.

इथे आलो तर आजूबाजूला सगळे पुण्या-मुंबईचे, चांगले लोक, पण मासे म्हटलं की त्यांना पापलेट आणि सुरमई, गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल. देवा एकदा चायनीज दुकानातून अख्खा मासा घेऊन आला आणि मागच्या डेकवर बसून खवले काढत होता, तर शेजारचा म्हातारा कुंपणाशी येऊन उभा राहिला, मला वाटलं झालं, आता कम्प्लेंट करतो, तर तो म्हणाला, सुरी चांगली चालते तुझी. तो रॉय. ट्रकचा मेकॅनिक होता, रिटायर झालेला, बायको गेलेली, गॅरेजमध्ये एक पत्र्याची बोट. देवा त्याला रॉयकाका म्हणायला लागला, त्याला वाटलं काका म्हणजे आपल्यात काहीतरी मोठी पदवी आहे, तो पोस्टमनलासुद्धा सांगायचा की हे लोक मला काका म्हणतात.

त्या रॉयकाकानं देवाला तळ्याचा नाद लावला, म्हणजे नाद होताच, त्यानं तो पुन्हा जागा केला. तासाभरावर धरणाचं मोठं तळं आहे, तिकडे. इथे उन्हाळ्यात नाही, पानं पिवळी पडली, पाणी गार झालं की मासा खरा भुकेला होतो. मग बोट माणसाच्या चालीनं चालवत ठेवायची, थांबवायची नाही, आणि मागे दोन्ही बाजूंनी रॉड लावून गळ ओढत न्यायचे, याला ते ट्रोलिंग म्हणतात. गळाला गांडूळ-बिंडूळ नाही, खोटी मासोळी असते, क्रँकबेट, पुढे ओठासारखी पट्टी, पोटाला तीन-तीन काट्यांचे गळ, ओढली की थरथरत खाली जाते, आणि ती थरथर वर रॉडच्या टोकाला दिसते. थरथर थांबली की समजायचं, पान अडकलं नाहीतर मासा लागला. वॉलाय नावाचा काचेच्या डोळ्यांचा मासा मिळायचा आणि क्रॉपी, चपटा, चांदीवर काळे ठिपके. क्रॉपीचा रस्सा मी आमच्या पद्धतीनं करायची, रॉयकाकाच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं पण ताट चाटून ठेवायचा.

दोन हजार चारचा दसरा. लोक दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करतात, देवानं काय केलं, आपल्या खोट्या मासोळ्या पाटावर मांडल्या. बापानं जाळं पुजलं, मी हे पुजतो, म्हणाला. मी हळदकुंकू वाहिलं. त्यातली एक हिरव्या पाठीची, नारिंगी पोटाची, त्याची सगळ्यात लाडकी, तिच्या एका डोळ्याचा रंग खरवडून गेला होता, तर आमची सई, चार वर्षांची तेव्हा, माझ्या लाल नेलपॉलिशनं तिला डोळा काढून बसली. बाबा, नाऊ शी कॅन सी, म्हणाली. देवा इतका हसला. ती मासोळी त्यानं डब्यात परत ठेवलीच नाही, पोरीनं डोळा दिलाय, हरवायची नाही, म्हणून देवघरात ठेवली. हे लक्षात ठेवा, ती देवघरात होती.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी रॉयकाकाचा गुडघा सुजला होता. जा तू एकटाच, बोट घेऊन जा, म्हणाला. देवा गेला. मी अडवलं नाही, काहून अडवू, तळ्यात वाढलेला माणूस, मामाजींच्या डोंग्यावरून उड्या मारणारा. आपल्याकडे म्हणतातच ना, पट्टीचा पोहणाराच बुडतो, पण म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे आपला माणूस नसतो.

बोट सापडली पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यात तोंड खुपसून. इंजिन चालूच. त्या इंजिनला एक लाल दोरी असते, ती अंगाला अडकवायची, माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. ती दोरी स्टिअरिंगला लटकत होती, लाइफ जॅकेट बुडाखाली घेऊन बसायचा तसं सीटवर दबलेलं. काय झालं असेल ते रॉयकाकानं मला हातवारे करून सांगितलं, एखादा मासा लागला असेल, उठून वाकला असेल, गेला. बोट थांबत नाही, ती आपली माणसाच्या चालीनं पुढे जात राहते, पण जाड जॅकेट आणि बूट घालून गार पाण्यात कोण त्या चालीनं पोहतं. एका गळाला क्रॉपी होता म्हणे, जिवंत. शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या माणसानं तो सोडून दिला.

त्यांनी खूप शोधलं हो, खोटं बोलणार नाही. पाणबुडे आले, कुत्री आली, पाण्याखालचं दाखवणारं मशीन आलं. तळं मोठं, पाणी गढूळ, बोट किती वेळ रिकामी फिरली कोणालाच माहीत नाही. मग थंडी वाढली आणि ते म्हणाले, आता थांबावं लागेल. रॉयकाका मान खाली घालून म्हणाला, गार पाण्यात माणूस वर येत नाही, वसंतात येतो. इकडे फोनवर मामाजी तेच म्हणाले, पाणी तपल्याबिगर तळं वापस करत नाही सुनबाई, तू कुकू पुसू नोको, माह्या पोराचं तोंड पाह्यल्याबिगर मी पाणी सोडनार नाही.

आता पाहा माझं काय झालं. नवरा गेला म्हणावं तर तो दिसत नाही, आहे म्हणावं तर कुठे आहे. सकाळी आरशासमोर कुंकवाचा करंडा घेऊन उभी राहायची, बोट कपाळापर्यंत न्यायची आणि थांबायची, मग मामाजींचं ऐकून लावायची. मला तो हवा होता, बस. जिवंत नको तर नको, पण हातात हवा होता. मरण पदरात पडावं म्हणून देवाला नवस बोललेली बाई तुम्ही पाहिली नसेल, मी ती आहे.

शेरीफचे लोक गेले तरी रॉयकाका रोज जायचा. सुजलेला गुडघा बांधून. सई शाळेत गेली की मीही त्याच्याबरोबर बसायची. त्यानं बादली घेतली नव्हती, मासा उचलायची जाळी घेतली नव्हती, नुसते रॉड लावले, जाड दोर घातला आणि मोठ्यात मोठ्या मासोळ्या अगदी तळापर्यंत सोडल्या. मी त्याला देवघरातली ती लाल डोळ्याची दिली, म्हटलं ही लाव, देवाचीच आहे, त्याला ओळखेल. त्यानं ती लावली. आणि मग आम्ही दोघं माणसाच्या चालीनं माझ्या नवऱ्याला शोधत फिरायचो.

त्या वर्षी मासा इतका लागला बाप्पा. टोक वाकलं की मी बोटीच्या काठावरून वाकून पाहायची, रॉयकाका ओढायचा, वर यायचा वॉलाय. सोडून द्यायचा. पुन्हा टोक वाकायचं, पुन्हा क्रॉपी. ज्या माशांसाठी देवा तडफडायचा ते सगळे येऊन राहिले होते आणि मी त्यांना शिव्या देत होते. मधेच दोर कशात तरी अडकायचा. दोनदा रॉयकाकानं शेरीफला फोन करून पाणबुडे बोलावले, दोन्ही वेळा खाली बुडालेलं झाड निघालं. दुसऱ्यांदा तो ऑफिसर नीटच बोलला, पण बोलला, की सर, प्लीज घरी जा. रॉयकाका कान लाल करून उभा होता.

नोव्हेंबर संपत आलेला, बर्फाची भुरभुर, रॉडच्या कड्यांत बर्फ जमून राहिलेला. दुपार कलली होती, आणि लाल डोळ्याच्या मासोळीचा रॉड वाकला. थरथर बंद. रॉयकाकानं बोट मागे घेतली, दोर हाताला गुंडाळून ओढला, थोडं काहीतरी हललं आणि परत जड झालं. मी विचारलं, काका? तो माझ्याकडे पाहत राहिला, मग पाण्याकडे पाहिलं, मग म्हणाला, ट्री. झाडच आहे पोरी. चाकू काढला आणि दोर कापला. सईची मासोळी गेली, सॉरी, म्हणाला. मी म्हटलं, जाऊ द्या. त्यानंतर तळं गोठलं.

जानेवारीत मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू, शुभदावहिनींच्या घरी. पुण्याच्या त्या, माझ्यासाठी महिनोन्महिने डबा घेऊन आलेल्या, त्यांना बोल लावणार नाही. सगळ्या रांगेत बसलेल्या, त्या एकेकीला कुंकू लावत आल्या आणि माझ्यापाशी बोट हवेत थांबलं. कोणालाच कळेना. काकू लोक तिळगुळाकडे पाहत बसले. मीच म्हटलं, लावा वहिनी, अजून काही सापडलं नाही. त्यांनी लावलं, आणि आत जाऊन रडल्या. मी तिळगूळ खाल्ला. तो सगळा हिवाळा मी तसा काढला, बर्फाखाली नवरा आणि कपाळावर कुंकू.

मे महिन्यात तळ्यानं त्याला वापस केलं. एका मासेमाराला दिसला. काय दिसला ते मला पाहू दिलं नाही, शेरीफच्या ऑफिसात एका बाईनं माझा हात धरून वस्तू समोर ठेवल्या. घड्याळ. अंगठी. आणि एका छोट्या पिशवीत हिरव्या पाठीची, नारिंगी पोटाची मासोळी, तिला लाल नेलपॉलिशचा डोळा. त्या बाईनं सांगितलं, जॅकेटच्या बाहीत रुतली होती, त्याच्याच रॉडची असेल, तो पडला तेव्हा. मी म्हटलं, हो.

पण तो पडला तेव्हा ती माझ्या देवघरात होती.

समजलं ना तुम्हाला? ते झाड नव्हतं. त्या बर्फाच्या भुरभुरीत आम्हाला माझा नवरा लागला होता, रॉयकाकाच्या हातात होता, आणि आम्ही त्याला कापून सोडून दिलं. हिवाळाभर जो मला हवा होता तो माझ्या पायाखाली दोराच्या टोकाला होता. मी त्या ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन इतकी ओरडले की दोन बायका दार ठोकायला आल्या.

इथेच दहन केलं. अस्थी घेऊन मी गावी गेले, वैनगंगेत सोडल्या, आणि तिथे मामाजींना ही गोष्ट सांगितली, त्यांनाच फक्त. त्यांनी तेव्हा कुठे ओंजळीनं पाणी सोडलं. मग म्हणाले, त्या बुढ्याले सांगू नोको. त्यानं माह्या पोरासाठी गोठल्या पाण्यात गळ टाकला, माह्या सख्ख्या भावानं नसता टाकला. त्याले सुखानं मरू दे.

मग नाही सांगितलं. आता मी इथे एका शाळेच्या किचनमध्ये काम करते, डोक्याला जाळी लावून पोरांच्या ताटात वाढते, शुक्रवारी माशाच्या कांड्या असतात, त्यांना माशाचा वाससुद्धा नाही. ग्रीन कार्ड देवा असतानाच झालं होतं म्हणून राहता आलं, नाहीतर त्याच्याबरोबर माझा व्हिसाही बुडाला असता. सई आठ वर्षांची झाली. कपाळाला मी आता काही लावत नाही, आणि लावा म्हणणारंही कोणी नाही.

रॉयकाका खूप थकलाय. पण पानं पिवळी झाली की येतो कुंपणाशी, चल म्हणतो, आणि मी जाते, बोट मीच चालवते आता, लाल दोरी मनगटाला बांधून. तो मागे बसून रॉड पाहतो. त्या जागेपाशी आलो की दरवर्षी हात वर करतो, डावीकडे घे पोरी, डावीकडे, खाली झाड आहे, त्यानं सईची मासोळी खाल्ली. माझ्यासमोर, बोटीला आता लावलेल्या पाण्याखालचं दाखवणाऱ्या मशीनच्या पडद्यावर तळ दिसत असतो, सपाट चिखल, काडीसुद्धा नाही. मी म्हणते, हो काका, मोठं झाड आहे, आणि बोट डावीकडे घेते.